नऊ ग्रीनचा ढाळ

गोल्फ मी आजवर एकदाही खेळले नाही. ती काठी कुठल्या बाजूनं धरतात हेही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही लातूरजवळच्या एका खाजगी गोल्फ मैदानाचा आराखडा चांगला की वाईट, याचा निवाडा मी केला आहे, लेखी केला आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. हे सांगितलं की आमच्या घरात अजून हसतात. हसोत.

त्या दिवशी फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोनवर लातूरचे सर होते. सर म्हणजे कोचिंग क्लासवाले. एके काळी भाड्याच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या पोरांना फिजिक्स शिकवायचे. पुढं क्लासच्या इमारती झाल्या, इमारतींमागं वसतिगृहं झाली आणि शेवटी चाकूरच्या रस्त्याला एका माळावर निवासी संकुल उभं राहिलं. त्यांच्या सगळ्या वसतिगृहांतल्या फरश्या, न्हाण्या आणि गच्च्या मी करून दिल्या होत्या. मला वाटलं, कुठंतरी गळती निघाली असणार. म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला.

गळती नव्हती. सरांचे जुने विद्यार्थी डॉक्टर होऊन परत आले होते, त्यांच्यातले काही बाहेर राहून गोल्फ शिकले होते, आणि त्यांच्या हट्टापायी संकुलाशेजारच्या माळावर नऊ होलचं मैदान झालं होतं. क्लबचे अध्यक्ष अर्थातच सर. मैदान तयार झालं आणि खेळायला गेलेला प्रत्येक माणूस तोंड वाकडं करून परत आला. आराखडा केला होता चाकूरच्याच एका मुलीनं. बागा-मैदानांचे आराखडे करायला शिकलेली, आणि हे तिचं पहिलं मोठं काम. कमिटीचं म्हणणं पडलं की आराखडाच चुकला. आता तिला बाजूला करायचं, बाहेरची कंपनी आणायची आणि सगळं उकरून नव्यानं करायचं.

"मॅडम, तुम्ही एकदा येऊन बघा," सर म्हणाले. "तुम्ही वाईट म्हणालात तर तिचे कागद आम्ही गुंडाळून ठेवतो. चांगलं म्हणालात तर तिचं नाव गेटवर राहील."

मी सांगितलं की मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. त्यावर ते म्हणाले की ढाळातलं कळतं ना, तेवढं पुरे. आता ढाळातलं मला कळत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी हो म्हणून टाकलं.

ढाळ म्हणजे काय ते आधी सांगते. चांगली फरशी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला एका बाजूला डोळ्याला न दिसणारा उतार दिलेला असतो, म्हणून सांडलेलं पाणी आपोआप मोरीकडं जातं. तो उतार म्हणजे ढाळ. नांदेडच्या जुन्या वस्तीत आमचं घराणं फरशीवाल्यांचं, आजोबांपासून. अब्बा शहाबादी फरशी बसवायचे, आणि काम संपलं की घरमालकाकडं मजुरीच्या आधी लोटाभर पाणी मागायचे. ते फरशीच्या मधोमध ओतायचे आणि हात मागं बांधून उभे राहायचे. पाणी सगळं निघून गेलं की चपला घालायचे. एखाद्या ठिकाणी थबकलं तर कुणी काही बोलायच्या आत ती फरशी उखडायला घ्यायचे. शाळेला सुट्टी असली की दोरीचं दुसरं टोक धरायला मी असायचे. एकदा मी विचारलं की फरशी बरोबर बसली का. अब्बा दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मेरे कू नक्को पूछ. पानी कू पूछ."

मी सिव्हिलचा डिप्लोमा करायचं ठरवलं तेव्हा नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. अब्बांनी बाजारातून मला एक पोलादी टेप आणून दिली.

डिप्लोमा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि भूकंप झाला. आमच्याकडं नांदेडला मांडणीवरची भांडी वाजली, माणसं अंगणात येऊन उभी राहिली. तिकडं लातूरच्या दक्षिणेला गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. पुढं नवी गावं बसवायला सुरुवात झाली तेव्हा एका कंत्राटदारानं मला कामावर घेतलं. कारण त्यानं तोंडावर सांगितलं. स्वयंपाकघर कसं हवं हे बायकांना विचारायचं होतं, आणि बाप्यांशी त्या बोलत नव्हत्या. मला त्याचा असा राग आला की पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघर सोडून पायापासून पत्र्यापर्यंत सगळ्यांत नाक खुपसायला लागले. महिन्याभरात गवंड्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. पत्र्याच्या शेडबाहेर पंचवीस-तीस माणसं बसायची आणि ओढणी कमरेला खोचून मी खडूनं जमिनीवर आकृत्या काढायचे.

त्यांच्यात आम्ही नव्यानं बसवत होतो त्याच गावचा एक गवंडी होता. वयानं माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचे, आणि तो मला बाई. भूकंपात त्याची आई गेली होती आणि लहान मुलगी गेली होती. भिंतीबद्दल, छपराबद्दल तो बोलायचा नाही. तो एकच गोष्ट सांगायचा, की घरातली जमीन मधूनच वर उठली होती, पोरगी झोपायची नेमकी तिथं. आमचा एक साहेब त्याला समजवायला लागला की तसं झालं नसावं, मलबा पडून तसं वाटलं असावं. मी साहेबाला गप्प बसवलं. ज्यानं बघितलं त्याला काय वाटावं हे सांगायला आम्ही तिथं गेलो नव्हतो.

फरशीचं काम शिकवायला मी अब्बांना आठ दिवस नांदेडहून बोलावून घेतलं. त्यांनी सगळ्यांची कामं पाहिली. हा मामा ओल्या सिमेंटच्या कोब्यावर तळहात फिरवत पुढं सरकत होता आणि कुठं बोटभर फुगवटा लागला की लगेच थापीनं बसवत होता. बाकीचे हसायचे. दोन दिवसांनी सुकलेल्या फरशीत एक उंचवटा निघाला तर हा कुणाला न विचारता हातोडा घेऊन आला. अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले की या माणसाला सोडू नको. मी त्याला पंचवीस वर्षं सोडलं नाही.

त्या वयात मला वाटायचं की या माणसाला धंदा शिकवून मी त्याला दुःखातून बाहेर काढलं. तसं मी दोन-चार ठिकाणी बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग लातूरचे दिवस फिरले. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला यायला लागली. किनवटच्या जंगलातून, देगलूरकडून, अगदी सीमेपलीकडूनही. लातूर पॅटर्नचं नाव सगळीकडं झालं. पण एका मजल्यावर साठ पोरं पहाटे दीड तासात आंघोळ करणार, ते पाणी कुठं जाणार, याचा विचार पेपरवाल्यांनी केला नाही. तो आम्ही केला. मामाच्या हाताखाली वीस माणसं झाली, त्यांच्यातले काही फुटून स्वतःची कामं घ्यायला लागले, त्यांनी आणखी पोरं तयार केली. "बाईचा ढाळ" असा शब्दच पडला. लातूर ते नांदेड रस्त्यावर आज जो कुणी न्हाणी करतो, तो आमच्याकडं शिकला आहे, नाहीतर आमच्याकडं शिकलेल्याकडं शिकला आहे. ही बढाई वाटली तर वाटू दे, खरी आहे. आणि त्या सगळ्यांना मी पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकायला लावलं, की उंचवटा म्हणजे चूक.

एवढं सामान डोक्यात घेऊन आणि अब्बांचा पितळी लोटा पिशवीत घेऊन मी एसटीनं निघाले आणि सरांच्या माळावर उतरले.

उतरल्या उतरल्या मी सरांशी भांडले. ज्या गावात पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं गवत हिरवं ठेवायची अक्कल कुणाची, असं मी सरळ विचारलं. सरांना हा प्रश्न सवयीचा असावा. ते मला मैदानामागच्या टाक्यांकडं घेऊन गेले. वसतिगृहातल्या पोरांच्या आंघोळीचं पाणी तिथं गाळलं जात होतं आणि त्यावरच गवत जगत होतं. थेंबभरही दुसरं पाणी घ्यायचं नाही ही अट आराखड्यातच लिहिलेली होती, त्या मुलीनंच घातलेली. म्हणजे माझ्याच न्हाण्यांचं पाणी माझ्याच ढाळावरून तिथवर आलं होतं. माझा राग अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा मी जपून ठेवला.

गेटपाशी काळ्या दगडाची पाटी होती आणि तिला पोत्याचं कापड गुंडाळून सुतळी बांधली होती. सर म्हणाले की तिच्यावर आराखडा करणारीचं नाव कोरलेलं आहे, निर्णय होईपर्यंत झाकून ठेवलंय. बाळाचं तोंड झाकावं तसं ते दिसत होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

गोल्फमध्ये चेंडू लांबून मारत मारत आणायचा आणि शेवटी एका बारीक कापलेल्या हिरवळीवर हळूच ढकलून खड्ड्यात घालायचा असतो. त्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तक्रार ग्रीनबद्दल होती, तेव्हा मी बाकी माळ सोडून ग्रीनच तपासायचं ठरवलं. पहिल्या ग्रीनच्या मधोमध लोटा ओतला तर पाणी जागच्या जागी जिरून गेलं. खाली वाळू भरलेली. अब्बांच्या लोट्याला उत्तर न देणारी ही पहिलीच जमीन. मग मी माळ्याला जाड पाइप आणायला लावला आणि पाणी वर साचेपर्यंत सोडून ठेवलं. थोड्या वेळानं पाणी वर आलं, क्षणभर थांबलं आणि एका बाजूला निघालं. कुठं आडवं गेलं नाही, कुठं थबकलं नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात गवतात लपवलेली एक जाळी होती, तिच्यात गुपचूप उतरलं. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. इतका सुंदर ढाळ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

दुपारपर्यंत नऊ ग्रीन झाले. नऊच्या नऊ पास. जाळीजवळचं गवत थोडं पिवळं दिसलं, ते मी मनावर घेतलं नाही. सरांना म्हटलं, आराखडा उत्तम आहे, पोरीच्या नावावरचं पोतं काढा, मला पाचच्या गाडीत बसवून द्या.

सर मागं वळून पहिल्या ग्रीनवर गेले. त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले, आखूड काठी घेतली आणि तीन वेगवेगळ्या बाजूंनी तीन चेंडू खड्ड्याकडं ढकलले. तिन्ही थोडे सरळ गेले आणि मग वळून त्याच कोपऱ्यात जाळीपाशी जाऊन बसले. मी म्हटलं की मग तुमचं मारणं चुकतंय. सर मला दुसऱ्या ग्रीनवर घेऊन गेले, तिसऱ्यावर नेलं. सगळीकडं तेच.

"मॅडम," सर म्हणाले, "नव्वद प्रश्नांचा पेपर काढला आणि सगळ्यांचं उत्तर पर्याय क्रमांक तीन ठेवलं, तर ती परीक्षा झाली का?"

हे मात्र मला कळलं. पाण्यासाठी जे बरोबर होतं तेच खेळासाठी चूक होतं. आणि आता माझ्याच तोंडून आराखडा नापास होणार अशी वेळ आली होती. मी सरांना सांगितलं की आज काही लिहून देत नाही. मुलीला बोलवा, तिचे कागद बघते, मग बोलू. त्या रात्री मी वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले आणि सकाळी माझ्याच न्हाणीत आंघोळ केली. पाणी झटक्यात गेलं. त्याचं नेहमीसारखं समाधान वाटलं नाही.

मुलगी चाकूरहून आली ती आईला आणि अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन. चेहरा ओढलेला, केस घट्ट बांधलेले. मला नमस्कार केला पण बसली लांब. मी तिला नापास करायला आलेली बाई होते, तिनं तरी जवळ का बसावं. तिनं कागदांची गुंडाळी उघडली. जमिनीची उंची दाखवणाऱ्या वळणदार रेघा मला वाचता येतात, सर्व्हेत आयुष्य गेलंय. मी पहिल्या ग्रीनच्या रेघा वाचल्या आणि माझ्या तोंडून शिकाऊ पोरांना बोलावं तसंच निघून गेलं, "हे काय? हे तर उंचवटे आहेत."

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम काढलेत."

तिनं शब्द मागं घेतला नाही. मला ते आवडलं. मी म्हटलं, समजावून सांग. ती आम्हाला पहिल्या ग्रीनवर घेऊन गेली. आईच्या हातातली बाळाची गोधडी तिनं गवतावर अंथरली, मधे दोन-तीन ठिकाणी चिमटीनं वर उचलून घड्या पाडल्या आणि सरांकडचा चेंडू माझ्या हातात दिला. मी ढकलला. चेंडू एका घडीवर चढला, वळला, दुसरीच्या कुशीत शिरला आणि भलतीकडं थांबला. ती म्हणाली की आता परत ढकला, पण आधी वाकून बघा. मी वाकले, बघितलं, जरा डावीकडून ढकलला आणि चेंडू तिनं बोट ठेवलं होतं तिथं आला. मला एवढा आनंद झाला की मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून.

प्रत्येक ग्रीनच्या घड्या तिनं वेगळ्या काढल्या होत्या. आणि पाण्याचाही विचार होता. एकाच कोपऱ्यात सगळं पाणी लोटलं की तिथली मुळं कुजतात, म्हणून तिनं ते उंचवट्यांवरून तीन दिशांना वाटून दिलं होतं. मला कालचं जाळीजवळचं पिवळं गवत आठवलं. ते मी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. तीस वर्षं पाण्याला विचारत आलेली मी, पाणी बोललं तेव्हा ऐकलं नाही.

ती सांगत होती की आठव्या महिन्यात ती माहेरी बाळंतपणाला गेली तेव्हा सगळे उंचवटे तयार होते, खुंट्या ठोकलेल्या होत्या, फक्त वरचा थर दाबून गवत लावायचं राहिलं होतं. बाळ महिन्याचं झाल्यावर येऊन बघते तर सगळं तिरपं सपाट. तिनं कमिटीला सांगितलं. कमिटी म्हणाली की मिस्त्री पंचवीस वर्षांचे अनुभवी आहेत, त्यांच्या कामाची एक तक्रार नाही, तेव्हा चूक तुझ्या कागदातच असणार.

मी कोपऱ्यातल्या जाळीपाशी जाऊन बसले. न्हाणीत भिंत आणि फरशी मिळते तिथं आम्ही टोकदार कोन ठेवत नाही, बाटलीच्या बुडानं घासून गोल करतो, म्हणजे घाण अडकत नाही. मी गवत बाजूला करून बोट फिरवलं. जाळीच्या कडेला तशीच गोलाई होती, बाटलीच्या बुडाची. गोल्फच्या मैदानावर तिचं काहीच काम नव्हतं. तो हात मी झोपेतही ओळखला असता.

मी निरोप धाडला आणि मामा दुपारी नातवाच्या मोटारसायकलवर आला. आता पांढरा झालेला, कान थोडे कमी ऐकणारा. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मी कामं कमी केल्यापासून तो सरांची कामं परस्पर घ्यायचा; हे काम संपवून तो गावी गेला होता आणि मी काम बघायला आले म्हणून शाबासकी घ्यायला आला होता. मी त्याला ग्रीनवर उभं करून विचारलं की मामा, इथले उंचवटे कुठं गेले.

"काढले की, बाई," तो खुशीत म्हणाला. "पोरगी बाळतपनाला गेलती. म्या बघितलं तर सगळ्या जमिनीवर फुगवटे. म्हनलं, कच्चं काम हाय, ती येईस्तवर आपुन नीट करून ठिवावं, न्हाई तर लोकं तिला बोल लावतील. पान्याच्या नळीनं पातळी धरून नऊच्या नऊ सरळ केले. तुमचाच ढाळ हाय बघा."

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. ती संतापेल असं मला वाटलं. ती त्याच्याजवळ गेली आणि हळू म्हणाली की मामा, ते मीच केले होते, मुद्दाम केले होते, आणि लोक मला बोल लावतायत. मामाला आधी नीट ऐकू गेलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं. त्याच्या तोंडावरची खुशी ज्या पद्धतीनं गेली ते मला बघवलं नाही, मी दुसरीकडं पाहिलं. तो म्हणाला, "जमीन फुगल्याली दिसली की माझ्या हाताला ऱ्हावत न्हाई, बाई. तुमाला ठाव हाय."

मला ठाव होतं. पंचवीस वर्षांपासून ठाव होतं, आणि मी त्याच्या त्याच सवयीवर माझं नाव उभं केलं होतं. तो जे भीतीनं करत होता ते मी नियम म्हणून दहा गावांना शिकवलं होतं.

संध्याकाळी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला वाट काढून दिली. आराखडा कागदावर ठीक आहे पण आपल्याकडच्या कारागिरांना झेपणारा नाही, असं लिहा म्हणाले. मिस्त्रींचं म्हातारपणी नाव खराब होणार नाही, तुमचंही होणार नाही, मुलगी तरुण आहे, तिला दुसरी कामं मिळतील. खोटं कशाला सांगू, चहा येईपर्यंत मला ती वाट बरी वाटत होती. लातूर ते नांदेड मी एक नाव कमावलं होतं आणि ते माझं मला फार आवडत होतं.

मग मला गेटवरची ती गुंडाळलेली पाटी आठवली, आणि डिप्लोमाच्या वेळी कुजबुजणारे नातेवाईक आठवले. मीही कधीतरी पहिलं काम करणारी पोरगी होते, आणि माझ्या बापानं मला टेप आणून दिली होती.

मी कागद मागितला आणि तिथंच लिहिलं. दीड पान झालं. मुलीला आणि मामाला आत बोलावून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातलं शेवटचं एवढंच सांगते: "आराखडा उत्तम आहे. पाणी आणि खेळ दोन्हींचा विचार त्यात माझ्यापेक्षा जास्त केलेला आहे. तो जमिनीवर जसाच्या तसा राहिला नाही, कारण ज्या हातांनी तो सपाट केला त्यांना उंचवटा म्हणजे चूक असं मी शिकवलं. दोष माझ्या शिकवण्याचा आहे. मिस्त्रींचा नाही आणि आराखडा करणारीचा तर नाहीच नाही." खाली सही केली, ठळक.

सरांनी कागद दोनदा वाचला आणि घंटी वाजवून शिपायाला सुतळी कापायला पाठवलं. मामा खाली बघत होता. पाटीवरचं पोतं अंधार पडायच्या आत निघालं.

पण ग्रीन नव्यानं करणार कोण, हा प्रश्न उरलाच होता. मुलगी म्हणाली, मामाच करतील. मामा साफ नाही म्हणाला. त्याच्या हातानं उंचवटा होणार नाही, दुसरा कुणी बघा. तिनं हुज्जत घातली नाही. दोन दिवसांनी ती बाळाला घेऊन त्याच्या गावी गेली, त्याच्या घरात जेवली, आणि काय बोलली ते दोघांनीही मला आजवर सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला, की बाई, लोटा घेऊन या.

पहिल्या ग्रीनचं गवत काढून ठेवलं होतं. कडेच्या लिंबाला झोळी बांधून बाळ निजवलं होतं. मुलीनं खुंट्या ठोकल्या, मामानं वाळूमाती ओढली आणि धुमस घेऊन ठोकायला लागला. दोनदा सवयीनं त्याचा हात पातळी बघायच्या दोरीकडं गेला. दुसऱ्या वेळी तिनं दोरी उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकली. हळूहळू ग्रीनच्या मधोमध वीतभर उंचीची एक गोल पाठ वर आली. तो सगळीकडून फिरून ठोकत होता, गुडघे टेकून तळहात फिरवत होता आणि या वेळी हात पुढं जाऊ देत होता.

शेवटी त्यानं धुमस बाजूला ठेवलं, वहाणा काढल्या आणि त्या उंचवट्यावर अनवाणी उभा राहिला. आधी एका पायावर भार दिला, मग दुसऱ्या. मग दोन्ही पाय जवळ घेऊन खूप वेळ तसाच उभा राहिला. मुलीनं झोळीची दोरी हलवायची थांबवली.

"हालत न्हाई, बाई," तो म्हणाला.

"नाही हलत, मामा," मी म्हटलं.

मग तो खाली उतरला, वहाणा कडेला सरकवल्या आणि दुसऱ्या उंचवट्यासाठी माती ओढायला लागला.